अंगावरचं दूध

चंद्रव्वा दारातच थबकली. आत सुनेच्या मांडीवर नातू पालथा पडला होता, डोकं खाली, ढुंगण वर. आणि अंकिता त्याच्या पाठीवर एका लयीत धपाधप हात मारत होती.

"अय्यो! पोर हाय का धुणं हाय गं?"

पिशवी तिथंच टाकून तिनं अभिमन्यूला उचललं आणि छातीशी धरलं. दुधनीहून सकाळच्या एसटीनं निघाली होती ती नातवाला मांडीवर घ्यायला, आणि बघायला काय मिळालं तर हे! "येऊ दे माझ्या लेकाला, विरुपाक्षाला. आई हायस का कोण?"

अंकिता चिडली नाही. "सकाळी तेच मारतात, आत्या. द्या इकडं, डावी बाजू राहिलीय." तिनं आपला तळवा दाखवला, पाणी प्यायला धरावा तसा खोलगट. "त्याला लागत नाही. छातीत कफ चिकटून बसतो, तो सुटतो यानं. आजार आहे त्याला. फोनवर कसं सांगायचं, म्हणून बोलावून घेतलं तुम्हाला."

आजीच्या खांद्यावर बाळ खोकलं. ओला, खोल खोकला. चंद्रव्वानं त्याला परत दिलं आणि भिंतीला टेकून बसली.

खिडकीच्या कट्ट्यावर वाफेचं मशीन होतं. शेजारी चिमुकला मास्क, उकळून वाळत घातलेल्या नळ्या, औषधाच्या बाटल्या, मोजायचे चमचे.

"दवाखानाच मांडलास की घरात."

पाठ थोपटून झाल्यावर अंकितानं एक कॅप्सूल उघडली. आतले राजगिऱ्याएवढे दाणे वाटलेल्या सफरचंदावर टाकले आणि न चिरडता, अलगद बाळाला भरवले. "दूध पचवणारा रस याच्या पोटात उतरतच नाही. हे दिल्याशिवाय दूध अंगी लागत नाही. नुसता पीत राहतो आणि वाळत जातो."

"किती बी प्याला तरी?"

"कितीही."

"आन शी? तेलकट हुती का? लई घाण वासाची?"

अंकितानं मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

चंद्रव्वा बाळाचे पाय चोळायला लागली. अंकितानं मग बाटलीतलं मिठाचं पाणी मोजून घेतलं.

"मीठ कशाला एवढ्याशा जिवाला?"

"याच्या घामातून अंगातलं मीठ निघून जातं. आपल्या सोलापूरचं ऊन म्हणजे तर बघायलाच नको. पापा घेऊन बघा, खारट लागतो."

चंद्रव्वा वाकली. तिनं बाळाच्या कपाळाला ओठ लावले आणि विस्तवाला लागावेत तसे मागे घेतले. ही चव तिच्या ओळखीची होती.

"शिवलिंगप्पा," ती म्हणाली.

"कोण?"

"माझा पैला. तुझ्या नवऱ्याच्या आदीचा."

लग्न होऊन आल्यापासून अंकितानं हे नाव घरात कधी ऐकलं नव्हतं.

"असाच खोकायचा. असाच खारट," चंद्रव्वा बाळाकडं बघत बोलत होती. "दिसभर प्यायचा आन काडीसारखा व्हत चाललेला. सासू म्हनली, आईच्या दुधातच खोट हाय. मला वाटीत दूध काढाय लावलं. त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली तर दूध इखारी."

"मग?"

"मेली की. समद्यांनी बगितलं. म्या बी बगितलं. दूध आटावं म्हनून छातीला मोगरा बांधला माझ्या. पोराला शेळीचं दूध पाणी घालून पाजलं. न्हाय ऱ्हायला."

अंकितानं तिचा हात धरला. "आत्या, तुमच्या दुधात काही नव्हतं. त्यालाही हाच आजार असणार. आणि मुंगीचं काय, कुणाच्याही दुधात टाकली तरी ती बुडून मरणारच की."

चंद्रव्वा सुनेकडं बघतच राहिली. विरुपाक्ष झाला तेव्हाही तिनं मोगरा बांधून घेतला होता. कुणी सांगायची वाटही बघितली नव्हती. पोर जगावं म्हणून त्याला एकदाही पदराखाली घेतलं नव्हतं.

अभिमन्यू रडायला लागला तसं अंकितानं त्याला अंगावर घेतलं. रडं थांबलं. खोलीत फक्त त्याच्या घुटक्यांचा आवाज येत राहिला.

"मागत हुता गं शिवलिंगप्पा," चंद्रव्वा म्हणाली. "चोळीवर तोंड घासून घासून मागत हुता."