वेणूच्या वाटणीची सुई

या, जवळ सरका मायबाप, एका सासूची गोष्ट सांगते.

धाकट्या गरोदर सुनेला कुत्रं चावलं, तशा अनसूयाकाकू स्वतः तिला दवाखान्यात घेऊन आल्या. “सिस्टर, पोटातल्या बाळाला सुई बाधायची नाही ना?”

“नाही हो आजी,” सिस्टर म्हणाल्या. “लस बाळालाही सुरक्षित आहे. टाळली तर मात्र दोघांचा जीव जातो.”

काकूंनी धाकटीचा हात सुईसाठी पुढे केला. चार वर्षांपूर्वी थोरली वेणू पोटुशी असताना अशीच कुत्रं चावून दवाखान्यात निघाली होती. काकूंनीच उंबऱ्यावर अडवलं. “सुई नको गं, बाळाला सोसायची नाही,” म्हणत मायेनं जखमेत तिखट भरलं. महिन्याभरात पाण्याला भिऊन तडफडत वेणू गेली, बाळासकट.

धाकटीकडे बारशाला याल, तेव्हा पाळणा म्हणताना वेणूलाही आठवा.