यंत्र परत करायचंय

"हे परत घ्या." लेकीनं श्रवणयंत्राची डबी टेबलावर आपटली. "आज साठावा दिवस. साठ दिवसांत परत घेतो, असं तुम्हीच लिहून दिलंय."

कान तपासणाऱ्या बाईंनी डबी उघडली. रिकामी. यंत्रं अप्पांच्या कानांत होती.

"आज घातलीत," लेक म्हणाली. "तपासणीला यायचं ना, म्हणून."

"रोज घालतो," अप्पा म्हणाले.

"बघा, कसं पटकन ऐकू आलं!"

अप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं. त्या खडखडाटानं कान गेले. पुढं बायको गेली आणि घरात दोघंच उरली, बाप नि लेक. ओरडून ओरडून लेकीचा घसा बसायचा, म्हणून तिनं स्वयंपाकघरात फळा टांगला. दहा वर्षं ते घर फळ्यावर चाललं होतं.

"अजूनही उठल्याबरोबर फळ्याकडेच बघतात," लेक म्हणाली. "यंत्र घातलेला माणूस फळा कशाला वाचेल?"

बाईंनाही संशय आलाच. यंत्रं कुठे कुठे सापडतात, ते त्यांनी पाहिलं होतं. चष्म्याच्या घरात, औषधांच्या डब्यात, एकदा तर कुंडीत. आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा, दिवसभर घालतो म्हणून.

ओठ दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंडापुढे कागद धरला आणि हळूच म्हटलं, "अप्पा, शर्टाचं बटण चुकलंय."

अप्पांनी खाली पाहिलं. "हो की. घाईत झालं."

"घरी कसं ऐकू येतं?"

अप्पा घुटमळले. "घरी... घरी जरा कमीच. काहीतरी बिघाड असेल."

"घ्या! इथं बटणापर्यंत ऐकू येतं नि घरी बिघाड! नाचता येईना, अंगण वाकडं."

अप्पांचे दोन्ही हात कानांवर गेले. "परत नको करूस गं. अजून महिनाभर बघू."

"कुणासाठी? कपाटातल्या कप्प्याला ऐकवायला?"

"भांडू नका," बाई म्हणाल्या. "किती तास कानात होतं, कसले आवाज आले, याची नोंद यंत्रच ठेवतं. शब्द तेवढे ठेवत नाही."

"मग होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

बाईंनी अप्पांच्या गळ्यात एक पट्टा अडकवला आणि यंत्रं संगणकाला जोडली. पडद्यावर आकडे उमटले. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

"रोज सरासरी चौदा तास. एका दिवसाचाही खाडा नाही."

लेक पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "म्हणजे खरंच बिघाड आहे?"

"काही बिघाड नाही. भांडी, नळ, पंखा, सगळं आलंय. बोलणं..." बाई थांबल्या. "दिवसाला तीन मिनिटं."

लेक कसनुसं हसली. "म्हणजे तीन मिनिटं तरी बोलतेच की मी."

"ती माझी गं," अप्पा ओशाळून म्हणाले. "यंत्र चालू आहे का बघायला रोज सकाळी एक ते शंभर म्हणतो."