दोन भावांचं नाणं

"कोणत्या भावाचं तोंड घासू, ते तुम्हीच सांगा," बरसम्या सोनार म्हणाला आणि कानस हातातच धरून बसला.

दोम्नीनाबाईंनी सोन्याचं नाणं पुढं सरकवलं. "मला बाई काय कळतंय त्यातलं? सोनार तुम्ही."

बरसम्यानं नाण्याला हात लावला नाही. असंच गोड बोलून सम्राटाच्या हेरांनी अंताकिया शहरातले तीन सोनार महिन्याभरात आत घातले होते. नाण्याच्या एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला त्याचा धाकटा भाऊ. थोरल्यानं धाकट्याला मारलं आणि वर हुकूम काढला, मेलेल्याचं तोंड ज्याच्या घरी सापडेल त्याची मान जाईल. बरं, चुकून सम्राटाच्या तोंडाला कानस लागली तरी मान जाणारच! मेल्यांनी दिसायला तरी वेगळं असावं? तेच कुरळे केस, तेच नाक.

"नाहीतर वितळवून साधं पदक करा की," बाई म्हणाल्या.

"वा! म्हणजे सम्राटालाही भट्टीत घालू? खरं सांगा, कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"मला कोण पाठवतंय! परवा लेकीचं लग्न आहे. आमच्यात हे नाणं नवरीच्या गळ्यात असतं, आणि वरातीच्या वाटेवर शिपाई उभे असतात. तुमचा तरी काय भरवसा? मी घरी पोचायच्या आत तुम्ही ठाण्यावर जाल."

बरसम्यानं ठोकळा दोघांच्या मध्ये ओढला. "मग असं करू. नाणं तुम्ही धरायचं, कानस मी चालवायची. जायची तर दोघांची मान जाईल."

तोंडांभोवतीची झिजलेली अक्षरं त्यानं नखानं चाचपून वाचली आणि धाकट्याची बाजू वर करून नाणं ठोकळ्यावर ठेवलं. बाईंनी कडेला बोटं दाबली. तेवढ्यात गल्लीत शिपायांचे जोडे वाजले. बाई दचकल्या, नाणं खाली पडलं. बरसम्यावरची नजर न काढता त्यांनी ते चाचपून उचललं आणि पुन्हा ठोकळ्यावर दाबून धरलं. जोडे लांब गेले. कानस चालू लागली. तो त्यांच्या डोळ्यांत बघत होता आणि त्या त्याच्या. ठोकळ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

बराच वेळ घासून झाल्यावर बरसम्याचा हात थांबला.

"बाई, मघाशी उचलून ठेवलंत, ते कोणती बाजू वर करून?"

दोम्नीनाबाईंनी नाण्यावर तळहात ठेवला, आणि तो काही केल्या उचलला नाही.