आधी हे होऊ दे

पोहायला शिकवताना मामाने काय केलं, ते तिने आईला त्याच दिवशी सांगितलं होतं. आई म्हणाली, "आधी तुझी परीक्षा होऊ दे." मग आजोबांचं ऑपरेशन, मग तिचं लग्न, बाळंतपण, मग धाकट्या बहिणीचं लग्न. सगळं पार पडल्यावर ती एकदाची वकीलबाईंकडे गेली. आईही सोबत आली.

वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला. "तुमचा शब्दन्‌शब्द मला पटला. पण तेव्हाच्या कायद्यात अशा गुन्ह्याला तीनच वर्षांची मुदत होती, ती कधीच उलटून गेलीय. कोर्ट आता दारातही उभं करणार नाही."

कठडा धरून ती जिना उतरली, तेव्हा आई तिच्या आधीच खाली जाऊन फोनवर बोलत होती.



"दादा, मिटलं रे एकदाचं सगळं. रविवारी ये आता. हिच्या लेकीलाही पोहायला शिकायचंय."