एक नग जास्त

"एक नग जास्त भरतोय," मालखात्याचा रावजी म्हणाला आणि त्याने हरिश्चंद्राच्या नव्या कोटावर पेन्सिल टेकवली.

"मी नग नाय हो, नवरा! आज गोरज मुहूर्तावर माझं लग्न आहे, मिऱ्याला."

"असाल. पण उतरलात मालाच्या पडावातून."

ते खरं होतं. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी होती. उतारूंना होडीसारखा धक्क्यावर आणणारा पडाव भरला, म्हणून हरिश्चंद्र साखरेच्या पोत्यांवर बसून धक्क्याला आला होता. बोटकंपनी मोठी होती. तिथे मालखात्याचं उतारूखात्याला चालत नसे. रावजीने त्याला गोदामात पोत्यांमागे ठेवलं. "इथे ओल लागायची नाय," तो म्हणाला.

दुपारी उतारूखात्याचा कारकून वजीर धावत आला.

"रावजी, माझा एक उतारू कमी भरतोय. त्याला न्यायला आलेली बैलगाडी कधीची खोळंबल्ये."

"माझा एक नग जास्त भरतोय."

दोघेही विचारात पडले.

"अहो, तो मीच!" हरिश्चंद्र मागून ओरडला.

"मालाने मध्ये बोलू नये," रावजी म्हणाला.

"असं कर," वजीर म्हणाला, "एक नग मला दे. दोघांचंही जुळेल."

"कोणता?"

"कोणता ते कंपनीने सांगितलेलं नाय."

रावजीने दाराजवळचा दिला.

संध्याकाळी राहिलेला माल पेठेतल्या वाण्याकडे पोचला. वाण्याने हरिश्चंद्राला काट्यावर चढवलं. वजन कमी भरलं, म्हणून घेतला नाही.

हरिश्चंद्र मिऱ्याकडे पळत सुटला.

मांडवात अक्षता पडून गेल्या होत्या. अंतरपाटाची घडीसुद्धा झाली होती. पाटावर नवरी बसली होती, कमळा. तिच्या शेजारी साखरेचं पोतं. पोत्याला मुंडावळ्या.

"आप्पा, हे काय केलंत? नवरा मी आहे!"

कमळेचे वडील गोंधळले. "पण गाडीतून तर हे उतरले. मुहूर्त टळायला आला होता. बोलत नव्हते. आम्हाला वाटलं, मुंबईचे आहेत."

"आता कसं वाटतंय?"

"आता काय वाटून उपयोग? सप्तपदी झाली. चौघांनी उचलून घातली."

हरिश्चंद्राने कमळेपुढे हात जोडले. "तुम्हीच सांगा. तुमचा नवरा कोण?"

कमळेने त्याच्याकडे पाहिलं. घामेजलेला कोट, एका पायात वहाण. मग तिने शेजारी पाहिलं आणि पदर सावरला.

"ह्यांना विचारून सांगते," ती म्हणाली.