सहापर्यंत घंटा नको

दीना गेली हे गल्लीला मतदानाच्या दिवशी संध्याकाळी कळलं. तिच्या नवऱ्याला, अब्राहामला, ते पहाटेच कळलं होतं. आणि सकाळी सरपंच छगनला.

छगन रिक्षा घेऊन आला होता. आजारी दीनाला उचलून मतदान केंद्रावर न्यायचं त्यानं ठरवलं होतं. आत आला, खाटेकडे पाहिलं आणि टोपी काढून उभा राहिला.

“कधी, मामा?”

“उजाडायच्या आधी.”

“घंटा?”

“न्हाई वाजवली अजून.”

छगन खाली बसला. चर्चची घंटा अवेळी वाजली की गल्ली हातातलं काम टाकून त्या घरी येते. माती होईपर्यंत कुणी दुसरीकडे जात नाही.

छगनचं गणित साधं होतं. वरच्या आळीची मतं भावकीत निम्मी-निम्मी फुटायची. मळ्यातले लोक त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गोरक्षचे, पण त्यांची पोरं पुण्याला कामाला. मतदानाला थोडीच यायची. ख्रिस्ती गल्ली मात्र एकगठ्ठा. शिक्षक, शुगर फॅक्टरीतले कामगार, काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्या, सहसा कुणी घरी राहत नसे. दीना पदर खोचून सगळ्यांना घेऊन निघायची. ती सांगेल त्याच बटनावर बोटं पडायची. छगन तीनदा तिच्या जिवावर निवडून आला होता. तिन्ही वेळा त्यानं कब्रस्तानाचा रस्ता कबूल केला होता.

“मामा, राग मानू नका,” तो हळू म्हणाला. “घंटा मतदान संपल्यावर, सहानंतर वाजवली तर? मामींनी महिनाभर एकेकीला खाटेपाशी बोलावून सांगितलंय. ते वाया जायला नको.”

अब्राहामनं दीनाच्या अंगावरची चादर सारखी केली.

“निवडून आलो की पयलं काम रस्त्याचं.”

“मागच्या वेळीबी पयलंच हुतं.”

छगननं मान खाली घातली.

“बरं,” अब्राहाम म्हणाला. “सहानंतर वाजवतो.”

छगन दीनाच्या पाया पडला. त्याचे डोळे खरंच भरले होते.

अब्राहाम दाराशी खुर्ची टाकून बसला. दुपारी शेजारची हेलन आली.

“कशी हाय बाई?”

“झोपलीय. मत टाकलंस?”

“तर!” हेलननं शाईचं बोट नाचवलं. “तिनं सांगितलं तसंच. उठली की सांगा, तिच्याबिगर गेलो तर रांगेत एकबी भांडण न्हाई झालं.”

“सांगतो.”

उन्हं कलल्यावर दाराला कुलूप लावून तोही मत देऊन आला. सहा वाजून गेल्यावर त्यानं स्वतःच घंटेचा दोर ओढला. हेलन रडत आली, त्याच्याशी मात्र बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दीनाची पेटी कब्रस्तानात पाटाच्या बांधावरून न्यावी लागली. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये एक माणूस मावेल एवढी वाट. खांदेकरी निम्मे पाण्यात उतरले. एकदा पेटी कलली, तेव्हा छगननंच ती छातीवर तोलून धरली.

निकालाच्या दिवशी तो राहुरीहून थेट अब्राहामकडे आला. गुलाल नव्हता. गावात गोरक्षचे फटाके वाजत होते.

“मामा, गल्लीतलं एक मत घरी राहिलं न्हाई. आजवर एवढं मतदान झालं न्हवतं. मग मी पडलो कसा?”

अब्राहामनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“मामींनी सांगितलं हुतं ना एकेकीला?”

“सांगितलं हुतं.”

“मग?”

“घंटेचंबी तिनंच सांगितलं हुतं. तू यायच्या आधीच. म्हणाली, मतदानाच्या दिवशीच मी गेले तर सहापर्यंत घंटा नको. बाया घरी बसल्या तर छगनला पाडणार कोण?”

छगननं तांब्याला हात लावला नाही.

रस्ता अजून व्हायचाच आहे.