परसात टेकलेलं घर

चक्रीवादळात समुद्र वाडीत शिरला, तशी सगळी घरं नेहमीसारखी पायावरून सुटून तरंगू लागली. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा बाकीची घरं आपापल्या पायावर बसली होती, पण दीपश्रीचं घर थोरल्या जावेच्या, हेमांगीच्या परसात टेकलं होतं. कुंपणाच्या भांडणापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"मूळ जागी परत जायचं?" घराने विचारलं.

दीपश्री हो म्हणणार, तोच समोरच्या खिडकीतून सुकटीच्या कालवणाची वाटी पुढे आली. "शेगडी भिजली असेल तुझी," हेमांगी म्हणाली.

वाटी रिकामी कशी परत करायची? दीपश्रीने डब्यातले लाडू काढले.

"जायचं?" घराने पुन्हा विचारलं.

"उद्या बघू."

पलीकडे हेमांगीचं घर सांगत होतं, "परसात परकं घर आलंय. हटवू?"

"परकं कोणाला म्हणतंस? धाकटीचं आहे ते."